एकाच खड्याच्या दोन पारखी

सन्माननीय सभाध्यक्ष ईश्वरदासजी, आजचे प्रमुख पाहुणे आणि आपल्या सराफ्यातले मोठे व्यापारी मुन्नालाल शेठजी, वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचे सभासद, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते खेमराजजी, समोर बसलेल्या सज्जनांनो, आणि डावीकडे सतरंजीवर दाटीनं बसलेल्या माझ्या मायबहिणींनो,

माझं नाव शामकला. मी इथल्या मुलींच्या शाळेत शिकवते. कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'दोन शब्द' असं छापलं आहे. चिटणीस काल शाळेत येऊन सांगून गेले, "बाई, घड्याळाबद्दल बोला आणि पाच मिनिटांत आटपा." तेव्हा आधी घड्याळाचं सांगते. आमच्या शाळेचं घड्याळ दोन वर्षं बंद होतं. खेमराजजी एका रविवारी आले, स्टुलावर चढून त्यांनी ते उतरवलं, आणि मंगळवारी चालू करून पुन्हा लावून दिलं. पैसे घेतले नाहीत. झालं घड्याळ. उरलेली चार मिनिटं मी माझ्या मनानं वापरणार आहे, आणि ती चार राहणार नाहीत हे अध्यक्षमहाराजांना आधीच सांगून ठेवते.

माझ्याआधी पाच वक्ते बोलले. पाचही जणांनी खेमराजजींना हिरा म्हटलं. एकानं 'निष्कलंक हिरा' म्हटलं, तेव्हा टाळ्याही पडल्या. मी त्या वेळी खेमराजजींकडे पाहत होते. ते खाली मान घालून धोतराच्या काठाचा दोरा ओढत बसले होते. मला विचारायचं आहे, या सभागृहातल्या किती जणांनी हिरा भिंगातून पाहिला आहे? हात वर करा. शेठजी, तुमचा हात मी गृहीतच धरला आहे. अजून कोणी? कोणीच नाही. मग ज्या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही, तो शब्द आपण माणसाच्या गळ्यात हारासारखा कशाला घालतो?

निष्कलंक या शब्दाची मला चीड आहे. का आहे, ते आज सांगणार आहे.

गेली पाच वर्षं तुम्ही खेमराजजींना स्टेशनच्या रस्त्यावर घड्याळं दुरुस्त करताना पाहिलं. त्याआधी हे काय करत होते, हे आज एकाही वक्त्यानं सांगितलं नाही. विसर पडला म्हणावं की लाज वाटली म्हणावं? हे मूळचे कामठ्याचे, आमच्याच गावचे. तरुणपणी पन्नाच्या हिऱ्यांच्या खाणीवर मजुरीला गेले. तिथून मुंबईला एका जवाहिऱ्याकडे बारा वर्षं राहिले आणि पारख शिकले. घरच्या शेतीसाठी परत आले, तेव्हा आपल्या गोंदियात हिरा पाहून सांगणारा दुसरा माणूस नव्हता. ते मुन्नालाल शेठजींच्या पेढीवर पारखी म्हणून बसले. पंधरा वर्षं बसले. शेठजी, पंधराच ना? मान हलवलीत, आभारी आहे.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते.

माझे वडील बकाराम. कामठ्याला आमची धानाची शेती आहे. एकोणपन्नास सालच्या पावसाळ्यात त्यांना हिवताप झाला. अकराव्या दिवशी ते गेले. डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेला. घरी माय राहिली आणि मी राहिले. मायचं नाव रुख्मा. तिनं शेती सोडली नाही, आणि मला शाळेतून काढलं नाही. लोक म्हणाले, "पोरीले शिकवून का करतं वो, रुख्मा?" ती म्हणायची, "ते पुस्तक वाचते त मले आयकाले बरं वाटते."

मायच्या नाकात हिऱ्याची फुली होती. मुगाच्या दाण्याएवढा खडा. शेतकऱ्याच्या घरात हिरा कुठून आला? माझ्या पणजीनं एका मालगुजाराच्या मुलाला दूध पाजलं होतं. मूल जगलं, म्हणून त्यांनी तिला ही फुली दिली. पणजीकडून आजीकडे, आजीकडून मायकडे आली. वडील गेल्यावर मायनं ती काढून डब्यात ठेवली. माझ्या लग्नात मला द्यायची, असं ठरलेलं होतं.

त्रेपन्न सालच्या माघात माझं लग्न जमलं. मुलगा इथलाच, राइस मिलवाल्या घरातला, टिकाराम. त्याची आई धुरपताबाई मला पाहायला दोनदा कामठ्याला आल्या. मी मॅट्रिक होते, त्यांना ते आवडलं होतं. त्यांचं एकच म्हणणं होतं, फुलीतला खडा खरा आहे की काच, ते शेठजींच्या पेढीवर दाखवून घेऊ. मायनं होकार दिला. खोटं काही नव्हतंच, भ्यायचं कशाला?

बाजाराचा दिवस होता. माय, मी आणि धुरपताबाई गादीसमोर बसलो. शेठजींनी फुली खेमराजजींकडे दिली. त्यांनी चिमट्यात धरली, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ पाहिलं. मग एका वहीत पेन्सिलीनं छोटं वर्तुळ काढून त्यात काही खुणा केल्या. म्हणाले, "हिरा खरा आहे. पाणी चांगलं आहे. आत कडेला एक काळा कण आहे अन् त्याच्या बाजूले केसासारखी रेघ. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. खडा मजबूत आहे, वापराले काही हरकत नाही."

एवढंच. इथं गोष्ट संपायला हवी होती. पण शेठजींनी हात पुढे केला, स्वतः भिंग लावलं, आणि पाहता पाहता जीभ टाळ्याला लावून च्‌ च्‌ असा आवाज केला. मायला विचारलं, "बाई, ये फुली कोण घालत होतं?"

"मी जी."

"और आपके मालक?"

"गेले जी. चार वर्षं झाले."

शेठजींनी भिंग खाली ठेवलं. म्हणाले, "गेलेच असते. ये काकपद है. कौवे का पैर. जिस औरत के नाक में ये पत्थर, उसका सुहाग नहीं टिकता. पोथीत लिहिलं आहे."

खेमराजजी म्हणाले, "शेठजी, असं काही—"

"तुम अंदर जाओ. कालचं पार्सल पाहायचं आहे."

आणि खेमराजजी आत गेले. ही गोष्ट मी त्यांच्यासमोर सांगते आहे, कारण त्यांनीच मला पुढे सांगितलं, "बाई, त्या दिवशी मी उठून आत गेलो. तेवढं नोको विसरू." मी विसरले नाही, काकाजी. पण आत गेलेला माणूस पुन्हा बाहेर येऊ शकतो, हेही विसरले नाही.

मायचा चेहरा मला आजही दिसतो. ती रडली नाही. तिनं नाकाला हात लावला, तिथं काहीच नव्हतं तरी. आणि विचारलं, "मंग मालकाले म्याच खाल्लं का जी?"

शेठजी, तुम्ही काय उत्तर दिलंत, आठवतं? मला आठवतं. तुम्ही म्हणालात, "आता बोलून काय उपयोग?"

धुरपताबाई तिथल्या तिथं उठल्या. तिसऱ्या दिवशी निरोप आला की पत्रिका जमत नाहीत. पत्रिका आमच्याकडे कोणी मागितल्याच नव्हत्या. पण त्यापेक्षा मोठा निरोप त्याआधीच बाजारातून कामठ्याला आणि कामठ्याहून सगळ्या नात्यागोत्यात पोचला होता. त्या घरात नवरा खाणारा खडा आहे. त्या पोरीला करू नका. पुढची दोन वर्षं मला कोणाचंही मागणं आलं नाही. मी भंडाऱ्याला जाऊन शिक्षिकेचं शिक्षण घेतलं, नोकरीला लागले, आणि आज मला त्याचं दुःख नाही. कदाचित मी स्वतःहून हाच रस्ता धरला असता. पण तो मी धरला नव्हता. दुसऱ्या कोणीतरी माझा एक रस्ता बंद केला, म्हणून मी या रस्त्यानं आले. या दोन गोष्टींत फरक आहे की नाही, मायबहिणींनो, तुम्हीच सांगा.

आठ दिवसांनी माय कोणाला न सांगता एकटी पेढीवर गेली. खडा घरात ठेवायची तिची छाती होईना. शेठजींनी फुलीतल्या सोन्याचा भाव दिला. खड्याचं काहीच नाही, कारण असला खडा घेणंच म्हणे उपकार होता. मायनं विचारलं, "तुमी याचं का कराल जी?" शेठजी म्हणाले, "काशीला माणूस जाणार आहे. गंगा में डलवा देंगे." माय पाया पडून घरी आली. हो, पाया पडली. यांच्या. त्या रात्री तिला पहिल्यांदा झोप लागली.

हे कळल्यावर खेमराजजी सायकलवर कामठ्याला आले. सोबत भिंग होतं, वही होती, आणि कागदाच्या पुडीत त्यांचा स्वतःचा, पन्नाच्या खाणीतला एक हिरा, तांदळाच्या कणीएवढा. मायला म्हणाले, "वहिनी, मी सांगतो त्यावर इस्वास ठेवू नका. सोता पाहा."

आम्ही अंगणात उजेडाला बसलो. ते भिंग वस्तू दहा पट मोठी दाखवतं. आधी मी पाहिलं. तुम्हाला वाटत असेल, आत नुसता लखलखाट दिसला असेल. नाही. सुरुवातीला काहीच समजेना. मग नजर स्थिरावली, आणि खड्याच्या आत मला एक पांढुरका ढग दिसला, दोन काळे ठिपके दिसले, आणि एक चीर दिसली, पक्ष्याच्या पिसासारखी. भिंग काढलं तर खडा पुन्हा स्वच्छ.

काकाजींनी तेव्हा जे समजावलं, ते मी आजही माझ्या मुलींना जसंच्या तसं सांगते. हिरा जमिनीच्या पोटात फार खोल तयार होतो. तिथं उष्णता अशी की दगड वितळावा, आणि वरून डोंगरांचा भार. तो घडत असताना आत एखादा परका कण अडकतो, कधी कोळशाच्या जातीचा काळा कण, कधी दुसऱ्या दगडाचा बारीक खडा. कधी घडता घडताच चीर पडते. अगदी काही नसलेला हिरा लाखात एखादा. बाकी सगळ्यांत काही ना काही असतंच. मग पारखी काय बघतो? कण केवढा आहे, मधोमध आहे की कडेला, भिंगातून शोधावा लागतो की चटकन दिसतो, की नुसत्या डोळ्यांनाच दिसतो. मधोमध असला तर प्रकाश अडतो. चीर वरपर्यंत आलेली असली तर ठोकर लागून खडा फुटू शकतो. त्यावरून भाव कमीजास्त होतो. "याले निर्मळपणा म्हणतात बाई," ते म्हणाले, "अन् निर्मळपणाचा हिशेब फक्त खड्याच्या भावाशी. माणसाच्या आयुष्याशी नाही. खडा का औषध देते का जहर देते? दगड आहे तो."

मायनं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग विचारलं, "यात बी काळे ठिपके हायेत ना जी?"

"दोन आहेत."

"हा कोनापाशी असते?"

"माझ्या घरवालीच्या अंगठीत होता. सव्वीस वर्षं घातला तिनं."

"मंग तुमी?"

"मी तुमच्यासमोर बसलो आहे, वहिनी."

मायला हसू आलं. वडील गेल्यानंतर ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. पण थोड्या वेळानं म्हणाली, "मंग मालक कायले मेले?" काकाजी म्हणाले, "हिवतापानं." ती म्हणाली, "हो. डाक्टर बी तेच बोल्ला होता." डोक्याला पटलं होतं. पण एकदा मनात सोडलेला किडा कुठून बाहेर काढायचा? त्यासाठी कोणतं भिंग आहे, शेठजी?

नाही, अध्यक्षमहाराज, घंटी वाजवू नका. मला ऐकू आली. मी नाव घेऊन बोलते आहे आणि ज्यांच्याबद्दल बोलते आहे ते तुमच्या शेजारीच बसले आहेत. पाठीमागे बोलले असते तर वाजवायची होती.

यानंतर जे झालं ते ऐका. त्याच वर्षी वैशाखात टिकारामचं लग्न दुसऱ्या मुलीशी ठरलं. सालेकसाकडची मुलगी, सुशीला. धुरपताबाई सुनेसाठी हिऱ्याची अंगठी घ्यायला शेठजींच्याच पेढीवर गेल्या. एकदा पोळलेलं माणूस, म्हणाल्या, "शेठजी, यक बी डाग नको. लिहून द्या." शेठजी म्हणाले, "एकदम बेदाग देंगे." अंगठी तयार झाली. शेठजींनी ती खेमराजजींपुढे ठेवली आणि सांगितलं, चिठ्ठी लिहा, निर्मळ हिरा, आत काही नाही, खाली सही करा.

खेमराजजींनी भिंग लावलं. कडेला एक काळा कण. त्याच्या बाजूला केसासारखी रेघ. त्यांनी वही काढली, माघातलं पान उघडलं. तोच कण, तीच जागा, तीच रेघ, तोच तिचा बाक. दोन माणसांच्या अंगठ्याचे ठसे जसे सारखे नसतात, तसे दोन हिऱ्यांच्या आतले डाग सारखे नसतात. गंगेत गेलेला खडा अंगठीत बसून पेढीवर परत आला होता.

ऐकलंत ना, सज्जनहो? माझ्या मायच्या नाकात होता तेव्हा काकपद. धुरपताबाईंच्या घरी जायचा म्हटल्यावर बेदाग. खडा तोच, भिंग तेच, पाहणारा डोळा तोच! मग मधे काय बदललं? खडा विकत घ्यायचा होता तेव्हा डाग मोठा झाला, आणि विकायचा होता तेव्हा डाग नाहीसा झाला. एवढंच बदललं.

खेमराजजींनी सही केली नाही. शेठजींनी आधी समजावलं, मग धमकावलं. यांनी भिंग खिशात टाकलं, वही उचलली, आणि पंधरा वर्षांची जागा सोडून चपला घालून खाली उतरले. चिठ्ठी शेठजींनी स्वतःच लिहिली.

त्याच दुपारी, माय घरी नसताना, त्यांनी मला सगळं सांगितलं. मी वीस वर्षांची होते. मी म्हटलं, "मी लग्नात जाते. मांडवात उभी राहून सांगते. त्या बाईनं मला नाकारलं ज्या खड्यासाठी, तोच खडा तिनं सुनेच्या बोटात घातला, हे सगळ्या वऱ्हाडासमोर सांगते." लग्न त्याच संध्याकाळी होतं, मी निघालेच होते. काकाजी दारात आडवे आले.

"अन् त्या पोरीचं काय होईन?"

"कोणत्या?"

"सुशीलाचं. मांडवातून वापस पाठवतीन तिले. तुह्यासंग जे झालं तेच."

"माझ्यासंग झालं तेव्हा कोण आडवं आलं होतं?" मी ओरडले.

ते म्हणाले, "कोणी नाही. मी बी नाही. म्हणून आता आलो."

मी लग्नात गेले नाही. खरं सांगायचं तर, मी वर्षभर यांच्याशी बोललेही नाही. मला न्याय पाहिजे होता आणि यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, असं मला वाटत होतं. आज तसं वाटत नाही. पण राग? राग आजही आहे, आणि तो मी कमी होऊ देणार नाही.

आता या गावानं काय केलं ते सांगते. शेठजींनी सराफ्यात पसरवलं की खेमराजची नजर गेली, म्हणून काढून टाकला. दुसऱ्या कोणत्याही पेढीनं यांना उभं केलं नाही. सगळ्यांनी मान डोलावली. बरोबर आहे, नजर गेली. आणि मग त्याच सगळ्यांनी आपली मनगटी घड्याळं यांच्याकडे दुरुस्तीला दिली! केसापेक्षा बारीक स्प्रिंगा, मोहरीपेक्षा बारीक स्क्रू. नजर गेलेल्या माणसाकडे! तुमच्यापैकी एकालाही तेव्हा हसू आलं नाही? प्रश्न पडला नाही? तुमच्या मनगटांकडे पाहा. या सभागृहात निम्मी घड्याळं यांच्या त्या 'गेलेल्या' नजरेवर चालू आहेत.

शेठजी, निघालात? बसा. आता थोडंच राहिलं आहे, आणि ते ऐकल्याशिवाय गेलात तर लोक उरलेलं मनानं भरतील. हं. बसलात, बरं केलंत.

तुम्ही म्हणाल, पाच वर्षं गप्प बसली आणि आज का बोलते? ज्या मुलीसाठी मी गप्प बसले, तिनंच मला बोलायला सांगितलं आहे म्हणून.

या दिवाळीनंतर सुशीलाबाई अंगठी घेऊन खेमराजजींकडे गेल्या. खडा हलत होता. त्यांनी तो घट्ट बसवून दिला. सुशीलाबाईंनी सहज विचारलं, "काकाजी, भिंगातून कसा दिसते जी? मले दाखवा ना." यांनी दाखवला. त्या म्हणाल्या, "हे काळं का आहे? सासूबाईंजवळ तं चिठ्ठी आहे, काहीच नाही म्हणून." यांना खोटं बोलता येत नाही. हे म्हणाले, "ही गोष्ट माझी नाही. मुलींच्या शाळेत शामकलाबाई आहेत, त्यांची आहे. त्यांना विचारा."

त्या शाळेत आल्या. मी सांगितलं. सगळं. मला वाटलं होतं, त्या अंगठी काढून फेकतील, नाहीतर घाबरतील. त्यांनी अंगठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "ताई, मंग हे तुमची आहे." मी म्हटलं, "नाही, आता तुमची." आम्ही दोघी रिकाम्या वर्गात बाकावर बसून रडलो. ज्यांना एकमेकींचा हेवा करायला शिकवलं होतं, त्या आम्ही दोघी.

घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला आणि सासूला सांगितलं. यालाही हिंमत लागते. धुरपताबाई बराच वेळ मुलाकडे पाहत राहिल्या म्हणे. टिकारामजी तेव्हा जेवत होते, चौथी पोळी. मग त्या म्हणाल्या, "अवो, पाच वर्षं झाले. याले त साधी सर्दी नाई झाली!"

हसा. मीही हसले होते. टिकारामजी उजवीकडे खांबाजवळ बसले आहेत, तेही हसताहेत, देव त्यांना शंभर वर्षं देवो. पण धुरपताबाई, तुम्ही सतरंजीवर दुसऱ्या ओळीत आहात, मी तुम्हाला पाहते आहे. हे तुम्हाला कळून महिना झाला. राइस मिलपासून माझी खोली किती लांब आहे? तुम्ही आला नाहीत. तुम्हाला फसवलं, हे खरं. पण फसायच्या आधी तुम्ही एका विधवेसमोरून उठून गेलात, तिला पाणी पी म्हणायलाही थांबला नाहीत. ते तुम्हाला शेठजींनी शिकवलं नव्हतं.

खेमराजजींच्या वहीतलं माघ त्रेपन्नचं पान माझ्या हातात आहे. सुशीलाबाईंच्या बोटात अंगठी आहे, आणि टेबलावर भिंग आहे. सभा संपल्यावर ज्याला पाहायचं त्यानं पाहावं. शेठजी, तुम्हीही. चिठ्ठी तुमच्या अक्षरात आहे, ती धुरपताबाईंच्या घरी आहे.

आता शेवटचं, आणि हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. काकाजींनाही नाही.

माझी माय मागच्या आषाढात गेली. जायच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं मला जवळ बोलावलं. आवाज फार लहान झाला होता. म्हणाली, "शामू, तो खडा गंगेतच टाकला ना त्यानं? कोनाच्या पोरीले त नाई देल्ला?"

अंगणात तिनं भिंगातून पाहिलं होतं. काकाजींचं सगळं तिला समजलं होतं. तरी मरताना तिला चिंता कोणाची? न पाहिलेल्या एका पोरीच्या कुंकवाची. मी काय बोलायला हवं होतं? मी आयुष्यभर मुलींना खरं बोला म्हणून शिकवते. मी म्हटलं, "हो माय. गंगेतच टाकला." तिनं डोळे मिटले.

शेठजी, माझं मोडलेलं लग्न मी तुम्हाला माफ केलं असतं. फुलीच्या मोलाचं तर मी नावही काढलं नसतं. पण जे मरण ती आठ-नऊ वर्षांत विसरू शकली असती, ते तुम्ही माझ्या मायच्या माथ्यावर मारलंत, आणि तिच्या उशाशी बसून मला तुमचंच खोटं पुन्हा बोलायला लावलंत. याला माझ्याकडे माफी नाही. पोथीत कुठं लिहिली असेल तर शोधा.

अध्यक्षमहाराजांनी घंटी हातात धरून ठेवली आणि वाजवली नाही, त्यांचे आभार. वाचनालयानं मला बोलावलं, त्याबद्दल मंडळाचे आभार, जरी आता त्यांना पश्चात्ताप होत असला तरी. सुशीलाबाईंचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. बोलण्यात कमीजास्त झाल्याची क्षमा मागायची रीत आहे. जे कमी झालं त्याची क्षमा मागते. जास्त काही झालेलं नाही.

आणि काकाजी, तुम्ही आज लेकीकडे जबलपूरला निघालात. पाच वर्षं या गावानं तुम्हाला एका सभेला बोलावलं नाही, आणि बोलावलं ते तिकीट काढल्यावर. त्याची क्षमा गावाच्या वतीनं मी मागू शकत नाही, गावानंच मागावी. शाल-श्रीफळ मंडळ देईलच. पण छोट्या लाइनची गाडी दोन वाजता सुटते. बाहेर ओट्यावर यांच्या दोन पेट्या, वळकटी आणि घड्याळाचं लाकडी टेबल ठेवलेलं आहे, आणि हमाल ठरवलेला नाही, मी मघाशी विचारून आले. ज्यांना यांचा सत्कार करायचा आहे, त्यांनी टाळ्या वाजवू नयेत, बाहेर यावं.

एक पेटी मी उचलते.